शेवटच्या भागाचं शुद्धिपत्र

‘येतोय’ एवढा एकच शब्द लिहून ऋजुतानं पुढे अकरा उद्गारचिन्हं टाकली होती. मी सवयीनं त्यातली दहा मनातल्या मनात खोडली आणि मग खालची बातमी वाचली. वाचून झाल्यावर तो शब्दच खोडावासा वाटला.

“कोण गेलं?” नलिनीनं विचारलं. ती समोर गवार मोडत बसली होती.

“कोणी गेलं नाही. येतोय. आमचा ‘चूल्हा-संग्राम’. तीन आठवड्यांनी रविवारी, ओटीटीवर.”

“मग पित्त झाल्यासारखं तोंड का? त्या ग्रुपवर इतकी वर्षं डोकं खुपसून बसलात. आता पेढे आणा.”

“सगळे भाग आहेत म्हणे. एकशे चार. शेवटचासुद्धा.”

“चांगलंच की,” ती म्हणाली आणि गवारीच्या शिरा काढू लागली. माझ्या बायकोला माझं बरंचसं कळतं, पण हे तिला मी कळू दिलं नव्हतं.

मी तेव्हा साताऱ्यातल्या एका दैनिकात मुद्रितशोधक होतो. दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घ्यायचो, आणि फुकटातही शोधायचो. लग्नपत्रिका हातात आली की आधी ऱ्हस्व-दीर्घ बघायचो, मग नवरा-नवरी. अशा माणसाची स्वतःची चूक सापडली की लोकांना केवढा आनंद होतो, हे मला चांगलं ठाऊक होतं. आणि माझी तर चूकही नव्हती.

तो कार्यक्रम जपानी. मूळ नाव आमच्यापैकी कुणाला धड म्हणता यायचं नाही. हिंदीत डब होऊन रविवारी दुपारी केबलवर लागायचा. एक विहीर, विहिरीतून पोहऱ्यानं वर येणारा एक जिन्नस, आणि दोन चुलींपुढे दोन बल्लव. तासाभरात त्या जिनसाचं असं काही करायचं, की खाताना तिघा परीक्षकांचे डोळे मिटले पाहिजेत. त्यात म्हातारा ओगावा होता. तो कधी बोलायचा नाही. काम झालं की सुरी पुसून कापडात गुंडाळायचा आणि मान लववून उभा राहायचा. तरुण हिराता होता, तो फार बोलायचा. दोघांना हिंदी आवाज एकाच माणसाचा होता, पण आमची तक्रार नव्हती. एकशे तीन भाग झाले आणि नेमका शेवटच्या आठवड्यात आमच्याकडच्या केबलवाल्यानं तो चॅनेल काढून तिथे भजनांचा लावला. साऱ्या जिल्ह्यात तो शेवटचा भाग कुणी पाहिला नाही. मीही पाहिला नाही.

हे शेवटचं वाक्य मी सहा वर्षं कुणाजवळ बोललो नव्हतो.

पुण्याच्या ऋजुता गांगलनं ‘पोहरा’ नावाचा ग्रुप काढला तेव्हा मी हौसेनं त्यात शिरलो. दर रविवारी एकेक भाग आठवून लिहायचो. पडवळाचा भाग, शिंगाड्याचा भाग, हिराताचा हात भाजला तो भाग. लोक खूश. ‘ठोसरकाका, तुमची स्मरणशक्ती म्हणजे कपाट आहे.’ हरभऱ्याच्या झाडावर चढायला मला शिडी लागली नाही. खरं तर चाळीसेक भागांनंतर कपाट रिकामं झालं होतं. मग जरा जरा भर घालू लागलो. आधी एखाद्या वाटीचा रंग, मग परीक्षकाचं एखादं वाक्य, मग अख्खा एक पदार्थ. कोण तपासणार होतं? बाकीच्यांना एखाददुसराच भाग आठवायचा, आणि शेवटचा तर त्यांच्याकडेही कुणी पाहिला नव्हता.

अशात वाईहून एक बाई ग्रुपमध्ये आल्या. विमल पिसाळ. साठीच्या, फारसं न लिहिणाऱ्या. एकदा त्यांनी मला एकट्याला विचारलं, ‘ठोसरभाऊ, शेवटच्या भागात कोण जिंकलं? आमचे हे आता नाहीत. त्यांना ओगावा जिंकावा असं फार वाटायचं.’

‘माहीत नाही’ लिहायला दोन शब्द लागले असते. मी ‘तेव्हा मुंबईला होतो, तिथे पाहिला’ अशी थाप ठोकून खाली सहा ओळी लिहिल्या. त्या आजही पाठ आहेत. ‘ओगावाच जिंकला. पोहऱ्यातून कोहळा निघाला. त्यानं बोटभर लांबीच्या फोडी केल्या, तांदळाच्या धुवणात मंद आचेवर शिजवल्या. वर आल्याचा रस, भाजलेले पांढरे तीळ आणि अर्धा चमचा गूळ. बाकी काही नाही. हिरातानं त्याचे पाय धरले. ओगावानं सुरी पुसून कापडात गुंडाळली.’

शुद्धलेखन दोनदा तपासलं आणि पाठवलं. त्यांचे जोडलेले हात आले, आणि मग त्याच ओळी मी ग्रुपवरही टाकल्या. कुणाचं तरी भलं केल्यासारखं वाटून मी त्या दिवशी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

आता तीन आठवडे उरले होते. त्याच संध्याकाळी विमलताईंचा फोन आला.

“भाऊ, ऐकलं का? आता तुम्ही सांगितलेलं डोळ्यांनी बघायचं.”

“हो ना,” मी म्हणालो.

“ऋजुता म्हणते, कुठून सुरू करायचं ते मी सांगायचं. मी म्हटलं, शेवटापासून. सगळ्यांनी आमच्याकडं यायचं. आमच्या पोरानं, संपतनं, मोठा टीव्ही घेतलाय. तवर कुणी एकट्यानं बघायचं न्हाई, ग्रुपवर शपथ झाली. तुम्ही यायलाच पाहिजे, तुमच्याबिगर कसं बघणार?”

पुढचे दोन आठवडे मी मोबाइलवर एकच मजकूर लिहीत आणि पुसत होतो. ‘विमलताई, एक सांगायचं राहिलं.’ मग ‘राहिलं’ खोडून ‘होतं’. मग सगळंच खोडायचं. शेवटी ठरवलं, असल्या गोष्टी तोंडावर सांगाव्यात. एका बुधवारी रजा टाकली आणि वाईची एसटी धरली.

त्यांचं घर डेपोच्या मागच्या आळीत होतं. बाहेरच्या खोलीत आनंदराव पिसाळांचा फोटो होता. ते एसटीच्या वर्कशॉपमध्ये फोरमन होते, एवढंच मला ठाऊक होतं. फोटोतही खिशाला दोन पेनं आणि एक छोटा पाना होता.

“या की. अचानक?” विमलताई म्हणाल्या. “पाणी घ्या आधी. चहाला आलं चालतं ना?”

“चालतं. ताई, मी जरा त्या शेवटच्या भागाबद्दल…”

“त्याच्याबद्दल मला पण तुम्हाला एक सांगायचं हाय. कुणाला सांगितलं न्हाई, हसतील म्हणून.” त्या समोर बसल्या. “ह्यांना तो कार्यक्रम का आवडायचा माहितीये? स्वयंपाकातलं ह्यांना कढी आणि आमटी वेगळी कळायची न्हाई. पण त्या म्हाताऱ्याची हत्यारं बघायचे. म्हणायचे, बघ विमल, काम झाल्यावर हत्यार कसं पुसतो. आमच्या पोरांना मी घसा फोडून सांगतो, कुणी ऐकत न्हाई. मग तो शेवटचा भाग चुकला. केबलवाल्याशी भांडून आले. पुढं बारा वर्षं अधनंमधनं म्हणायचेच, कोण जिंकलं असंल गं.”

मी कपाकडे बघत होतो.

“हे गेले. दहाव्याला कृष्णेच्या घाटावर पिंड ठेवला, तर कावळा शिवंना. झाडावर वीस बसलेले, एक खाली येईना. संपत म्हणाला, दादा, मी घराचं बघतो. न्हाई. दीर म्हणाले, वहिनीला अंतर देणार न्हाई. न्हाई. दोन तास झाले, उन्हानं माणसं लागली पडायला. मग माझ्या मनात काय आलं कुणास ठाऊक, मी पुढं झाले आणि हळूच म्हटलं, अहो, त्यात कोण जिंकलं ते मी हुडकून काढीन आणि सांगीन. असा खाली आला बघा. एकच घास घेतला आणि गेला.”

त्या हसल्या आणि पदरानं डोळे टिपले. “म्हणून संपतच्या मागं लागून तुमचा ग्रुप शोधला. तुम्ही सांगितलंत, त्या साली पित्रांत म्हाळाच्या पानावर मी तो कोहळा वाढला. गच्चीवर पान ठेवलं आणि सांगितलं, ओगावा जिंकला हो. लगेच शिवला. तेव्हापासून दर म्हाळाला करते. तुम्ही लिहिलंय तसाच, बोट लावून फोडी मोजून. सहा वर्षं झाली. जावा म्हणतात, हे कुठलं जपानी पित्तर. म्हणू देत. तुमचे उपकार हायेत भाऊ, माझा शब्द राहिला तुमच्यामुळं.”

तेव्हा सांगायला हवं होतं. मी त्यासाठीच भाडं घालून आलो होतो, तोंडही उघडलं होतं.

“चहा छान झालाय,” मी म्हणालो.

“तुम्ही काय सांगत होता?”

“काही नाही. रविवारी किती वाजता यायचं, तेवढंच.”

परतीच्या एसटीत मी स्वतःला समजावत होतो की कोण जाणे, ओगावाच जिंकला असेल. शेवटच्या भागात म्हातारा जिंकायचा नाही तर कोण? कोहळ्याचं काय, एखादी भाजी इकडची तिकडे होते. दोनांतला एक जिंकणार, म्हणजे आठ आणे तरी माझ्या बाजूचे. मी त्या आठ आण्यांवर चार दिवस काढले.

रविवारी पिसाळांच्या घरी आम्ही नऊजण जमलो. ऋजुता पुण्याहून केक घेऊन आली होती, त्यावर साखरेचा पोहरा. कोल्हापूरचे हावळ नवरा-बायको होते. विमलताईंनी सतरंजी घातली होती, आणि आनंदरावांचा फोटो भिंतीवरून काढून टीव्हीसमोरच्या खुर्चीत ठेवला होता. मला त्या खुर्चीशेजारची जागा दिली. मानाची.

अकरा वाजले. ऋजुतानं एकशे चारवर बोट ठेवलं. तीच ती सनई आणि नगाऱ्यासारखी धून वाजली आणि हावळवहिनींना रडूच आलं. वीस वर्षांनी तो आवाज ऐकून माझ्याही अंगावर काटा आला. क्षणभर मी विसरलोसुद्धा की मी आरोपी आहे.

पोहरा वर आला. त्यात अंडी होती.

सगळे पुढे सरसावले. मीही मान पुढे काढून बघत राहिलो, जणू नीट बघितलं तर त्यांचा कोहळा होईल. मग दिवे लागले. एका चुलीपुढे हिराता होता. दुसऱ्या चुलीपुढे एक बाई होती, मधल्या काही भागांत येऊन गेलेली. ओगावा चुलीपुढे नव्हताच. तो परीक्षकाच्या खुर्चीत बसला होता, साध्या कपड्यांत. निवेदकानं सांगितलं की गेल्या महिन्यात ओगावांनी चूल सोडली, आज ते फक्त चव घेणार.

“काका,” ऋजुता हळूच म्हणाली, “हा शेवटचाच ना?”

हावळांनी रिमोट घेऊन आकडा बघितला. “एकशे चार. ह्याच्या पुढं काय न्हाई.”

तासभर आम्ही अंडं बघितलं. माझ्या आठ आण्यांतले आठही गेले होते. हिराता पहिल्यांदाच न बोलता काम करत होता. जिंकला तोच. मग म्हातारा खुर्चीतून उठला, आतून कापडाची गुंडाळी घेऊन आला, आणि ती सुरी त्यानं हिराताच्या दोन्ही हातांवर ठेवली. हिराता ती कापडातून काढेचना. तसाच उभा राहिला. मग नावं वर सरकू लागली.

ऋजुता माझ्याकडे बघत नव्हती, त्यावरून तिला काय वाटतंय ते कळत होतं. नावं चुकू शकतात. भाजी चुकू शकते. पण जो माणूस चुलीपुढे उभाच नव्हता, त्याच्या कोहळ्याच्या फोडी मी मोजल्या होत्या.

“पण काका, तुम्ही तर लिहिलं होतं…” हावळवहिनींनी सुरुवात केली.

“विसरले असतील,” विमलताई म्हणाल्या. “वीस वर्षं झाली. मला कालचं आठवत न्हाई. व्हय ना भाऊ, विसरला असाल?”

त्या थेट माझ्याकडे बघत होत्या. मला एवढंच दिसलं की दार उघडं आहे.

“हो,” मी म्हणालो. “विसरलो असेन. चुकून दुसऱ्याच कुठल्या भागाचं…”

“मग बरोबर,” हावळ म्हणाले, आणि सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. कुणीतरी केक कापला.

‘चुकून’ हा शब्द मी आयुष्यभर हाताळला. चूक कशाला म्हणतात हे मला पक्कं ठाऊक होतं. टंक चुकतो, आकडा चुकतो, डोळा चुकतो. जे बघितलंच नाही, ते चुकत नाही.

विमलताईंनी केक खाल्ला नाही. त्या खुर्चीजवळ उभ्या होत्या. फोटो उचलून पदरानं काच पुसत म्हणाल्या, “हे रिटायर झाले ना, तेव्हा ह्यांनी पान्यांचा अख्खा संच त्या नव्या फिटरच्या हातात ठेवला. स्वतःच्या पैशानं जमवलेला. मी लई बोलले होते तेव्हा. म्हणाले, हत्यार घरात ठेवलं की मरतं.” त्यांनी फोटो खुर्चीत परत ठेवला. “हे बघून किती बरं वाटलं असतं त्यांना. आणि मी सहा वर्षं त्यांना खोटंच सांगत आले बघा.”

‘मी’ म्हणाल्या. माझं नाव त्यांनी घेतलं नाही. सहा वर्षं खोटं मी बोललो होतो, आणि ते त्या स्वतःच्या पदरात बांधून घेत होत्या. मला तिथून उठून चालत साताऱ्याला जावंसं वाटलं. मी बसून राहिलो.

निघताना त्या दारापर्यंत आल्या. “दशमीला म्हाळ हाय. तुम्ही यायचं.”

“मी कशाला, ताई? घरचं कार्य आहे.”

“तुमच्या तोंडून आलं होतं, तुमच्या तोंडूनच दुरुस्त व्हायला पाहिजे. तुमच्या पेपरात छापता ना दुसऱ्या दिवशी, बारीक अक्षरात? काय म्हणता त्याला?”

“शुद्धिपत्र.”

“हां, ते.”

दशमीला मी गेलो. न जाण्याची सोय नव्हती. घरात दहा-बारा माणसं होती, संपत, दीर, जावा. खीर, वडे, अळूवडी, गवार, भेंडी, कढी असा सगळा वास पसरला होता आणि सगळे भुकेले होते, कारण कावळा शिवल्याशिवाय कुणी घास घ्यायचा नाही. संपतनं गच्चीच्या कठड्यावर पान ठेवलं, वर फूल वाहिलं, आणि हात जोडून बाजूला झाला. पानावर कोहळा नव्हता. मी पहिल्यांदा तेच बघितलं.

पाण्याच्या टाकीवर कावळा होता. एकच. मान तिरपी करून पानाकडे बघत होता.

“सांगा,” विमलताई म्हणाल्या.

मी पुढे झालो. आयुष्यात कावळ्याशी बोलायची वेळ आली नव्हती. मागे सगळे उभे होते. “आनंदराव,” मी म्हणालो, “माझी आठवण चुकली. ओगावा जिंकला नाही. हिराता जिंकला. चूकभूल माफ असावी.”

कावळा हलला नाही. आम्ही पाच मिनिटं थांबलो, मग दहा. संपतचे काका म्हणाले, “गाईला घालू या का पान? दोन वाजत आले.”

“तुम्ही जा खाली, पाटपाणी घ्या,” विमलताई म्हणाल्या. “येतो आम्ही.” सगळे उतरले. मग माझ्याकडे वळून त्या म्हणाल्या, “भाऊ, नीट सांगा. त्यांना अर्धवट काम आवडायचं न्हाई. मी दही आणते, दह्यानं येतो कधीकधी.” आणि त्याही गेल्या.

गच्चीवर मी, पान आणि तो. कावळ्याच्या डोळ्याला डोळा देणं फार अवघड असतं, कारण तो एका वेळी एकाच डोळ्यानं बघतो आणि तो पुरेसा असतो. मी इकडेतिकडे बघितलं. मग कठड्याला धरून म्हणालो, “माझी आठवण चुकली नाही. मला माहीतच नव्हतं. तो भाग मी बघितला नव्हता. तुमच्याकडचा केबलवाला आणि माझ्याकडचा एकच. लोक वाहवा करत होते, तेव्हा ‘माहीत नाही’ म्हणायची मला लाज वाटली. म्हणून मी तो कोहळा रचला. म्हाताऱ्यानं हत्यार पुढच्याच्या हातात दिलं, तुमच्यासारखंच, आणि तेवढी एक गोष्ट तुम्हाला कळायला हवी होती, तीच माझ्यामुळं सहा वर्षं कळली नाही. ताईंची यात काही चूक नाही.”

कावळा उडून पानावर आला. वडा उचलला आणि गेला. भुकेला असेल, माणसं कमी झाली म्हणून आला असेल. मी त्याचा अर्थ लावत नाही.

वळलो तर जिन्याच्या तोंडाशी विमलताई उभ्या होत्या. हातात दह्याची वाटी होती. किती वेळ उभ्या होत्या हे विचारायची गरज नव्हती.

“शिवला ना?” त्या म्हणाल्या. “चला, पानं वाढलीत.”

खाली पंगत बसली होती. माझ्या पानावर सगळ्यांसारखंच सगळं होतं, आणि एक वाटी जास्त होती. फक्त माझ्याच पानावर. बोटभर लांबीच्या पांढऱ्या फोडी, वर भाजलेले तीळ. वाटीभरच केला होता. म्हणजे सकाळी स्वयंपाकाला लागतानाच त्यांनी तो एका माणसापुरता मोजून चिरला होता. मी गच्चीवर काय बोलणार, किंवा बोलणार की नाही, हे ठरण्याच्या कितीतरी आधी.

त्या वाढत वाढत माझ्यापाशी आल्या आणि वाकल्या, तेव्हा शेजारच्याला ऐकू जाणार नाही अशा आवाजात मी विचारलं, “कधी कळलं?”

“अंडी निघाली तेव्हाच. विसरलेला माणूस बोटभर फोडी सांगत न्हाई.”

“मग तेव्हाच का नाही बोललात? उलट मला…”

“आठ माणसं होती घरात. माझ्या दारात आलेल्याची मान मी खाली घालू?” त्यांनी कढी वाढली. “खा. तुमचाच पदार्थ हाय. सहा वर्षं मी करते, तुम्ही कधी चाखला न्हाई.”

मी एक फोड तोंडात घातली. ती मऊ शिजली होती. तांदळाच्या धुवणाचा दाटपणा होता, आल्याचा किंचित चटका होता. इतकं नीट शिजवलेलं मी क्वचितच खाल्लं असेन. आणि तरीही ते गिळवेना.

“खरं सांगा,” विमलताई म्हणाल्या. “कसं लागतं?”

मी दुसरी फोड घेतली, पुन्हा चाखून बघितलं. मग समजलं.

“आळणी,” मी म्हणालो. “यात मीठ नाही.”

“तुम्ही लिहिलं नव्हतं,” त्या म्हणाल्या. “‘बाकी काही नाही’ असं लिहिलं होतं. पहिल्या साली चाखून बघितलं, हात मिठाच्या बरणीपर्यंत गेला होता. मग म्हटलं, नको, ठोसरभाऊंनी डोळ्यांनी बघितलंय, आपण कशाला शहाणपणा करा. म्हणून कधी घातलं न्हाई.”

त्यांनी मिठाची वाटी माझ्या पानाकडे सरकवली आणि पुढच्या पानावर कढी वाढायला गेल्या.

मी मीठ घेतलं नाही. ती वाटी तशीच संपवली.